तो जगला पाहिजे

"उद्या म्हंजे कवा?" पारूने विचारलं. "तवर मानूस राहील का?"

खोपोलीतल्या त्या खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूबाहेर सगळ्यांनी माना वळवल्या. डॉ. नवीन तिच्यासमोर उभे होते. आत विलास निपचित पडला होता. गाडीच्या अपघातात त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आता ताप चढत होता आणि बीपी उतरत होतं.

"मावशी, औषध वाढवलंय. पण ताप जखमांमुळेही येतो आणि आत जंतू माजले तरी येतो. वरून सारखंच दिसतं. ते ओळखायला रक्ताची एक तपासणी मदत करते, प्रोकॅल्सिटोनिन म्हणतात. आपल्याकडचं किट संपलंय. नमुना पनवेलला न्यायला गाडी उद्या सकाळी निघेल."

"येवढी काचंची इमारत बांधलीत, आनि रगत तपासाया सामान नाय?"

विलासचा भाऊ रूपेश बाकावरून उठला. "पारू, तमाशा नको. दैवात असेल ते होईल. तू घरी जा गं."

"तू जा. तो उठल्याबिगर मी हितनं हलायची नाय!"

ती तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. मॅनेजर आधी ओरडला, मग समजावू लागला, शेवटी त्याने स्वतःची गाडी नमुना घेऊन पिटाळली.

संध्याकाळी पनवेलहून फोन आला. आकडा भलताच वाढलेला होता.

"नुसत्या आकड्यावर आम्ही जात नाही," डॉक्टर म्हणाले, "पण बाकीची लक्षणंही तेच सांगतायत. सेप्सिस आहे, जंतूंचा संसर्ग रक्तातून अंगभर पसरलाय. मूळ पोटातच असणार."

स्कॅनमध्ये पू दिसला. रातोरात पोट पुन्हा उघडून तो काढला.

त्यानंतर रक्त तपासलं की पारू सिस्टर तेजश्रीला दारातच गाठायची.

"उतरला का गं आकडा?"

"उतरतोय, मावशी."

पारू मान हलवायची आणि पुन्हा भिंतीला टेकून बसायची. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतून कोणी भाकरी आणली तर खायची, नाहीतर तशीच. रूपेश आला की तिच्याकडे न बघता पुढे जायचा.

एका सकाळी तेजश्री धावतच बाहेर आली. "मावशी, श्वासाची नळी काढली. शुद्धीवर आलेत. चला, दोन मिनिटं भेटा."

पारूने पदर सारखा केला आणि आत गेली. तिला बघताच विलासने डोळे मिटून घेतले.

"बोला ना," तेजश्री हसून त्याला म्हणाली. "यांच्यामुळे वाचलात तुम्ही."

पारू त्याच्या कानाशी वाकली.

"मेला असतास तर केस मिटली असती. दारू पिऊन माझ्या लेकरावर, हिरूवर गाडी घातलीस, जीव घेतलास ना? आता ऊठ, कोर्टात चल."