लाटांचा खटका

थोरल्या जावेच्या, मालनच्या वाट्याच्या प्रवाळावर पोपटमासे दिवसभर शेवाळ खरवडत. सुगंधाच्या वाट्यावर मात्र नुसता हिरवा लगदा. तिचा जळफळाट व्हायचा. दोघींच्या वाट्यांवर पाणी खेळतं ठेवणारं एकेक लाटयंत्र होतं. मालन बाजाराला गेली तशी सुगंधाने तिच्या लाटयंत्राचा खटका पार वर ओढला आणि आपला खाली पाडून आपलं पाणी निजवलं. उसळत्या पाण्यात चरता येईना, तसे मासे मुकाट इकडे आले.

संध्याकाळी मालन परतली. "बरा झाला गो, तुझ्याकडे पण इले!" ती मनापासून म्हणाली. "बघूया, तुझो प्रवाळ कसो दिसता."

दोघींनी होडीतून वाकून पाहिलं. माशांनी शेवाळ साफ केलं होतं, आणि खाली कधीच मेलेल्या प्रवाळाचा पांढराफटक सांगाडा उघडा पडला होता.

मालनने पाठीवर हात ठेवला, तशी सुगंधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.