सारवलेलं अंगण

सत्त्याण्णव साली केरूला दुसरीही मुलगीच झाली, तेव्हा शेजारी राहणारी त्याची चुलती लंकाबाई पाळण्यापाशी येऊन नाक मुरडून गेली. केरू इरेला पेटला. "माझ्या निकिताच्या पायाला मी मातीसुद्धा लागू देणार नाय," असं त्यानं अख्ख्या मखमलाबाद गावाला ऐकवलं आणि शब्द पाळला. झेंडू तोडतानाही पोर पाठीला बांधलेली असे. तो दमला, की बायको तिला कडेवर घेई.

पहिला वाढदिवस होऊन गेला, पुढचा पाडवाही गेला, तरी निकिता पाऊल टाकीना. "पांगळी हाय रे ती," लंकाबाई कुंपणापलीकडून म्हणाली. केरूनं बायकोला आणि निकिताला घेऊन थेट दवाखाना गाठला. नाशकातल्या डॉक्टरीणबाईंनी निकिताचे पाय दाबून, वाकवून पाहिले. "पाय ठणठणीत आहेत. घरी हिला खाली कधी सोडता?"



त्याच दिवशी केरूनं स्वतःच्या हातानं पोरीला झेंडूच्या ओल्या वाफ्यात सोडलं. ती रडली, पडली, तिनं माती खाल्ली. पुढे पुढे तर वाफ्यातून उचललं, की रडू लागली.

मग एका सकाळी लंकाबाई तावातावानं मळ्यात आली. "केरू, आत्ता सारवलं होतं रे अंगण! तुझी पोर चिखलाच्या पायांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली!"



केरूनं फुलांची पाटी खाली ठेवली. "काकू, जरा मोठ्यानं बोल. अख्ख्या मखमलाबादला ऐकू जाऊ दे."