गोळीवाल्या आजी

गोळ्यांची अख्खी पट्टी बाबांनी कोरफडीच्या कुंडीत पुरली होती. पाणी घालताना माती खाली बसली आणि पट्टीचा चकचकीत कोपरा वर आला.

मुलीने ती पट्टी धुतली आणि बाबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"खत," बाबा म्हणाले. मग तिचा चेहरा बघून त्यांनी चष्मा काढला. "अगं, व्हिडिओत सांगितलंय. रक्तदाबाच्या गोळ्यांनी मूत्रपिंडं सुकतात. मनुक्यासारखी."

"सांगणारा कोण?"

"पांढरा कोट घातलाय त्याने."

"पांढरा कोट आपला पाववालाही घालतो!"

"तू थट्टाच कर," म्हणून बाबा आपल्या खोलीत गेले. तिने मागून दार आपटलं, ते स्वयंपाकघराचं. घरात दोघंच, त्यामुळे भांडण मिटवायलाही तिसरं कुणी नव्हतं.

बाबांची उभी हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली होती. तिथे तीन जणांनी तपासल्याशिवाय एक ओळ बाहेर पडत नसे. त्यामुळे फोनवर जे दिसतं तेही कुणीतरी तपासूनच सोडलं असणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. फोन तिनेच घेऊन दिला होता, वेळ जावा म्हणून. आता बाबांचा सगळा वेळ आजारी पडण्यात जात होता. सकाळी आरशात जीभ, दुपारी नखं, संध्याकाळी नाडी. उचकी लागली तरी ते छातीला हात लावून खुर्चीत बसत आणि तिच्याकडे असं बघत, जणू निरोपच घेतायत.

घरच्या डॉक्टरबाईंनी समजावून पाहिलं. रक्तदाब वर गेला होता, गोळी टाळून चालणार नव्हतं. बाबांनी तिथे मान डोलावली आणि बाहेर पडल्यावर म्हणाले, "त्यांचाही दवाखाना चालायला हवा ना!"

मुलगी कार्टूनना आवाज द्यायची. म्हाताऱ्या, चेटकिणी, भांडखोर शेजारणी हा तिचा हातखंडा. त्या दिवशी ती एका वयस्कर कासविणीचं काम करत होती. कासवीण पिल्लांना सावकाश, गोड आवाजात काहीतरी समजावत होती आणि पिल्लं चक्क ऐकत होती. काम संपल्यावर ती स्टुडिओच्या रेकॉर्डिंग बूथमध्ये तशीच बसून राहिली. मग कामासाठी ठेवलेला दुसरा फोन तिने बाहेर काढला; त्याचा नंबर बाबांकडे नव्हता.

"मी काही डॉक्टर नाही बरं का," कासविणीच्या आवाजात तिने सुरुवात केली. "तुमच्यासारखीच रोज गोळी घेणारी बाई आहे. मलाही व्हिडिओ बघून घाबरायला व्हायचं…" बाबांना पाठवण्याआधी तिने तो बोलका निरोप डॉक्टरबाईंना ऐकवला. त्या पोट धरून हसल्या आणि एक वाक्य बदलून म्हणाल्या, "आता पाठव."

दुसऱ्या दिवशी त्या नंबरवर बाबांचा निरोप आला. "नमस्कार आजी. डावी पापणी फडफडते. मेंदूचं तर काही नसेल?"

"फडफडू दे हो. फोन कमी बघा, लवकर झोपा. आठवडाभराने थांबली नाही, तर दाखवून या."

थांबली. बाबांचा विश्वास बसला. प्रश्न येत राहिले, ती डॉक्टरबाईंना विचारून कासविणीच्या आवाजात उत्तरं देत राहिली. एका सकाळी बाबांनी चहाबरोबर गोळी घेतली. तिने न बघितल्यासारखं केलं.

"हल्ली बरे दिसता," ती म्हणाली.

"एक आजी आहेत. फार समजूतदार बाई. तुझ्यासारख्या अंगावर येत नाहीत."

"मग ऐका त्यांचं."

"ऐकतोच आहे. दिसायलाही बऱ्या असतील, असं वाटतं."

तिला ठसका लागला.

रक्तदाब ताळ्यावर आला. बाबा फिरायला जाऊ लागले, जीभ तोंडात राहू लागली. घरात पुन्हा हसणं सुरू झालं. सगळं छान चाललं होतं, फक्त बाबांच्या निरोपांचा सूर बदलला. "आजी, जेवलात का?" "आजी, कामाची दगदग करू नका, वयाला झेपत नाही." एकदा तर, "आज तुमचा आवाज ऐकला नाही, दिवस सुना गेला."

ती धास्तावली. तिने डॉक्टरबाईंना फोन लावला. "बाबा आजीच्या प्रेमात पडलेत. आता काय करू?"

"आजीला परगावी पाठव," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तेच बरं होतं. तिला वाईट वाटत होतं. बाबा एवढं मोकळं तिच्याशी कधी बोलले नव्हते. पण भाबड्या माणसाला आणखी किती फसवायचं? दोन दिवसांपासून घसा धरला होता, तरी दुपारी तिने बूथमध्ये बसून आजीचा शेवटचा निरोप सांगितला. मी मुलाकडे चालले, कायमची. गोळी चुकवू नका. काही वाटलं तर थेट डॉक्टरांना विचारा. म्हातारीचा आवाज घोगरा झाला होता, पण निरोपाला तो शोभलाच.

उत्तर लगेच आलं. तिने भीतभीतच कानाला लावलं.

"नमस्कार आजी," बाबांचा आवाज नेहमीसारखाच अदबशीर होता. "मुलाकडे निघालात, आनंद आहे. तुमचे उपकार विसरणार नाही. पण दोन दिवस ऐकतोय, घसा बसलाय तुमचा. असं दुखणं अंगावर काढू नये."

मागून रस्त्यावरचा भोंगा ऐकू आला.

"डॉक्टरबाईंची वेळ घेतलीये. तुझ्या स्टुडिओच्या दारातच उभा आहे मी, ये खाली."