बांधावर शेव नाही

जयसिंगरावांनी इंदूरबाहेरच्या शेतात मातीचा छोटा बांध घालून तळं केलं आणि त्यात दोन होड्या सोडल्या. दर रविवारी शहरातल्या अन्नपूर्णा भागातले झाडून सगळे नातेवाईक तिथे पिकनिकला यायला लागले. यंदा बांधाच्या मागच्या बाजूने पाणी पाझरू लागलं, तेव्हा त्यांनी सिंचन खात्यातून रिटायर झालेल्या श्रीपादकाकांना बोलावलं.

काकांनी काठीने चार ठिकाणी टोचून पाहिलं. "उंदरांनी पोखरलाय, भिया. तुमचे पाहुणे बांधावर बसून पोहे खातात, वरची शेव सांडतात, आणि उंदीर दावत समजून येतात. असंच चाललं तर एक दिवस अख्खं तळं खालच्या सोयाबीनमध्ये जाईल."

त्या दिवसापासून बांधावर खाणं बंद. जयसिंगरावांच्या मुलीने, शिखाने, सगळी बिळं बुजवून घेतली. कोणी नियम मोडू नये म्हणून काका स्वतः दर रविवारी बांधाच्या मधोमध खुर्ची टाकून दिवसभर पहारा द्यायला लागले.

महिन्याभराने शिखाला पुन्हा पाच नवी बिळं दिसली. काका बसल्या जागेवरूनच कडाडले, "कोण बसतं तिथे? नाव सांग फक्त, त्याचं बांधावर येणंच बंद करतो."

"काका, जरा उठता का?" शिखा म्हणाली. "बिळं तुमच्याच खुर्चीखाली आहेत. आणि मांडीवरची शेव इथे झटकू नका."