खोक्याखालचा राक्षस

खोकं उचलायचं नाही, हा बाबांचा नियम तिला लहानपणापासून पाठ होता. तरी आज तिने ते उचललं. बाबा खुर्चीत मान टाकून झोपले होते. ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ आला होता, तोही कुणी पुसला नव्हता.

खोक्याखाली राक्षस बसला होता. जुन्या प्लास्टिकच्या किटमधला, कार्टूनमध्ये असतात तसला. बटाट्याएवढे डोळे, लोंबती जीभ आणि स्वतःपेक्षा लहान मोटारीत कसाबसा कोंबलेला. बाबांनी जन्मभर असले राक्षस जोडले. भाग कापायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे आणि मग किटमध्ये नसलेलं, आपल्या मनातलं काहीतरी त्यात घालायचं. ओळखीपाळखीचं कुणी त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं. आत्या तर एका राक्षसात स्वतःचं नाक ओळखून वर्षभर बोलली नव्हती. काम पुरं होईपर्यंत मात्र बाबा ते कुणाच्या नजरेला पडू देत नसत. वर खोकं उपडं घालायचे आणि झालं की स्वतःच्या हाताने उचलायचे.

हा राक्षस पांढराफेक होता. अंग पांढरं आणि डोकंही पांढरं, गुळगुळीत, घट्ट टोपी बसवल्यासारखं. अशा राक्षसाचा एक हात मोटारीच्या वर उंच असतो आणि मुठीत गिअरचा दांडा असतो. बाबांनी दांडा कापून तिथे चमचा बसवला होता.

तिला नर्सबाई आठवल्या.

नर्सबाई पांढऱ्या कपड्यांत यायच्या, डोक्याला पांढरी टोपी. संध्याकाळचं दूध चमच्याने त्याच भरवायच्या. झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली होती आणि लिहायला बसले तरी अक्षर जुळत नव्हतं. हात तेवढा शाबूत राहिला होता. सुरुवातीला ते सुधारतही होते. मग उलट्या सुरू झाल्या, ग्लानी आली, उशीवर केसांचे पुंजके सापडू लागले. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. पण नर्सबाई औषधांच्या कपाटाला कुलूप का लावायच्या? भरवताना तिला "तुम्ही बाहेर थांबा" का म्हणायच्या?

तिने खोकं जसंच्या तसं ठेवलं आणि स्वयंपाकघरात धावली. नवरा बाबांचंच दूध तापवत होता. वाफेने चष्मा धुरकटला, तसा त्याने तो टकलावर चढवला.

"काय गं? भूत पाहिल्यासारखी काय उभी आहेस?"

तिने सांगितलं. त्याने गॅस बंद केला.

"एका खेळण्यावरून बिचारीवर एवढा आळ घ्यायचा?"

"बाबांचं खेळणं नाही ते. त्यांना तेवढंच बोलता येतं आता."

"त्यांनी दाखवलं तुला?"

"नाही, मीच पाहिलं. पांढरे कपडे, हातात चमचा. आणखी काय हवंय तुला?"

त्याने दूध पेल्यात ओतलं. "मग तिला एक दिवसही ठेवायला नको," तो म्हणाला. "मी आहे ना. दूध, औषधं, सगळं मी बघतो."

तिला रडू आलं. पूर्वी हे घर विकण्यावरून सासरे-जावयांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. आजारपणात मात्र याने सगळं पोटात घातलं होतं.

नर्सबाईंनी भांडण केलं नाही. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, पिशवी उचलली आणि दारात थांबल्या.

"दूध नको म्हणाले तर जबरदस्ती करू नका."

"आता तुम्ही मला शिकवू नका," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळपासून टेबलाला चिकटले. खोक्याच्या आडोशाला ब्रश चालला होता. कधी घाई न करणारा माणूस, पण आज रंग वाळायचीही वाट पाहत नव्हता. तिला वाटलं, धोका टळला म्हणून हुरूप आलाय.

संध्याकाळी नवऱ्याने पेला आणून तिच्या हातात दिला. "तूच भरव. तुझ्या हातचं घेतील."

बाबांनी तोंड मिटून घेतलं. मान हलवली, तिचं मनगट धरलं, घशातून घरघर काढली.

"ती गेली, बाबा. हाकलून दिली मी तिला. आता घाबरायचं नाही."

त्यांनी मान आणखी जोरात हलवली. त्यांच्या डोळ्यांत इतकं भय होतं की तिच्याच्याने पाहवेना. अजून धसका गेला नाही, असं ती समजली.

"माझी शपथ आहे तुम्हाला. एवढं घ्या, मग रंगवत बसा."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिने चमचा ओठांना लावला, गाल चेपले, लाडीगोडी लावली. शेवटी त्यांच्यातलं बळच संपलं आणि तोंड उघडलं. तिने चमच्या-चमच्याने पेला रिकामा केला आणि तळाशी बसलेली साखरही खरवडून भरवली.

मग बाबांनी स्वतःच्या हाताने खोकं उचललं.

पांढरं कुठेच उरलं नव्हतं. ते नुसतं अस्तर होतं, रंगाआधीचा हात. राक्षसाच्या अंगात आता निळ्या चौकडीचा शर्ट होता. डोकं कातडीच्या रंगाने चकचकत होतं, कानांवर तेवढे केस होते आणि टकलावर चष्मा चढवलेला होता.

"संपवलं ना त्यांनी सगळं?" दारातून नवऱ्याने विचारलं.