अस्सल केस

माझ्या सासूबाई कंगव्यात अडकलेलं गुंतवळ टाकत नाहीत. बोटाभोवती गुंडाळून कॅरीबॅगमध्ये कोंबतात, ती बॅग दारामागच्या खिळ्याला लटकवतात आणि खाली केसवाला ओरडला की त्याला देऊन वाटी नाहीतर चमचा घेतात. सोलापुरात फ्लॅट झाला, तरी सांगोल्याच्या सवयी काही सुटत नाहीत.

मी कधीपासून केस वाढवतेय. इथल्या बोअरच्या पाण्यानं आणि उन्हानं त्यांचा पार काथ्या झालाय. सीरम झालं, स्पा झाला, तरी कंगवा खाली उतरत नाही. शेवटी दिराच्या लग्नासाठी पार्लरमधून कमरेपर्यंतचं एक्स्टेन्शन आणलं. प्लॅस्टिकचं नाही, अस्सल केसांचं. ते आरशासमोर ठेवून वळले, तर दारामागे ती कळकट कॅरीबॅग! माझं डोकंच फिरलं.

"शी! कुणाकुणाचे केस कुठे जातात, काय माहीत! मी ऑफिसातून येईपर्यंत घरात एकही सुटा केस दिसता कामा नये," असं बजावून मी निघाले.

संध्याकाळी कॅरीबॅग गेली होती. आरशासमोरचं एक्स्टेन्शनही गेलं होतं. ओट्यावर एक नवंकोरं स्टीलचं पातेलं चमकत होतं.

"आई, अहो ते पार्लरचे केस होते! अस्सल!"

सासूबाई पदरानं पातेलं पुसत होत्या.



"व्हय की. केसवाल्यानं बगताच वळखलं. म्हनला, मावशी, ह्यो तर आमचाच माल, फिरून आला की!"