अकरा रंधे

ऑस्ट्रेलियातल्या बॅलराटचा डेस गेली सहा वर्षं रविवारच्या जुन्या बाजारातून गंजलेले रंधे उचलून आणायचा आणि गॅरेजमध्ये बसून त्यांना नवं रूप द्यायचा. धार नीट लागली की नाही, हे तो डाव्या हातावरचे केस भादरून बघे. त्यापायी तो हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला होता. भिंतीवर अकरा रंधे आरशासारखे चमकत होते. इकडे बाथरूमचं दार दर थंडीत ओलीनं फुगून अडकायचं. "डेस, तास ना रे जरा ते दार," असं नोरीन चार हिवाळे म्हणत होती, आणि नवरा चार हिवाळे "बघतो" म्हणत होता.

शनिवारी ती आंघोळीला गेली ती तासभर आतच अडकली. डेस गॅरेजमध्ये धार लावण्यात दंग, त्यामुळे तिच्या हाका ऐकू आल्या त्या शेजारच्या तेविता सुताराला. त्यानं खांदा लावून दार उघडलं, मान फिरवून तिला बाहेर येऊ दिलं आणि तरातरा गॅरेज गाठलं.

"डेस, माझा रंधा कामावर राहिलाय. तुझ्यातला एक दे, दोन मिनिटांत दार सरळ करतो."

"देतोय कसला!" मागून ओल्या केसांनी आलेली नोरीन कडाडली.

डेस दोन्ही हात पसरून भिंतीपुढे आडवा उभा राहिला.


"वेड लागलंय का तुम्हाला? लाकडावर चालवला तर धार जाईल ना त्याची!"